सिल्वरदादांचा उजवा पंख

धातूची कुठलीही वस्तू दिसली की तिच्यावरून अंगठा फिरवल्याशिवाय सिल्वरदादांना राहवत नसे. तुमच्याशी बोलणं चालू असायचं, मान डोलत असायची आणि अंगठा मात्र खुर्चीच्या नळीवर, दाराच्या कडीवर, नाहीतर तुमच्याच हातातल्या डब्याच्या झाकणावर फिरत असायचा. मुरबाडच्या स्टँडवर एसटी लागली की माणसं जागा धरायला धावायची. दादा दाराशी उभे राहून तिथला दांडा नेमका कुठे झिजलाय ते बघायचे. मागून लोक म्हणायचे, "ओ काका, चढा नायतर सरा." दादा सरायचे. त्यांना कधी बसायला जागा मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मुरबाडलाच त्यांच्या भाचीच्या लग्नात तर कहर झाला. त्रिशरण झालं, लग्न लागलं, जेवणं सुरू झाली आणि नवरीचा मामाच पंगतीत दिसेना. शोधाशोध केली तर मामा मांडवाच्या मागे, पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबासमोर उकिडवे बसलेले. नवऱ्याकडच्यांना वाटलं, मानपानात काहीतरी राहिलं आणि मामा रुसले. दोन वडीलधारे हात जोडून आले, कोणीतरी टॉवेल-टोपी आणली, "झालं गेलं विसरून जा" अशी विनवणी सुरू झाली. काय झालंय आणि काय विसरायचंय, हेच दादांना कळेना. ते म्हणाले, "रुसतोय कोण? ह्यो बंब बघा. जाळ लागतो तिथं काळा, त्याच्यावर जांभळा, मंग निळा, नि मंग कुठं तांब्याचा. कसे पट्टे पडलेत बघा तरी." वडीलधाऱ्यांनी बिचाऱ्यांनी वाकून बंब बघितला. टोपी मात्र घालूनच सोडली. ती पुढे कितीतरी दिवस दादा कामावर घालून यायचे.

दादांचं काम खोटा धातू बनवायचं. शहापूरला बाजारपेठेच्या मागे आमचं लहानसं वर्कशॉप होतं. कारखान्यांतली यंत्रं, पंप, गाड्या, विमानं यांच्या छोट्या प्रतिकृती आम्ही तयार करायचो. त्या कोणाच्या प्रदर्शनात जायच्या, कोणाच्या कार्यालयाच्या दर्शनी भागात. कापणं, जोडणं, घासणं बाकीचे करायचे. मग ते पांढरंफटक प्लास्टिक दादांच्या खोलीत जायचं आणि चार दिवसांनी बाहेर यायचं तेव्हा त्याचं लोखंड, पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियम झालेलं असायचं. उचलून बघितल्यावर हलकं लागलं की माणसं दचकायची. हत्यार म्हणाल तर पेनाएवढी एक गन. तिच्यातून रंगाचा फवारा निघायचा तो बोटभर रुंदीचा.

मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन तिथे रंगांचा साठा सांभाळायला लागले होते. पहिल्याच दिवशी शहाणपणाने मी दादांना थिनरमधल्या एका द्रव्याचं शास्त्रीय नाव सांगितलं आणि माझं स्वतःचं नाव कायमचं गमावून बसले. "ए केमिस्ट्री, इकडं ये गो," अशी हाक सुरू झाली. महिन्याभरात मालकही तीच मारायला लागले. दादांचं नाव तरी कुठे खरं होतं म्हणा. मुरबाड नाक्यावरच्या गॅरेजात त्यांनी तरुणपणी जीपच्या चाकांना 'सिल्वर मारण्या'पासून सुरुवात केली होती, तेव्हापासून ते सिल्वर. मूळ गाव वैशाखरे, घाटाच्या रस्त्यावरचं. लोक त्यांचं खरं नाव फक्त मतदानाच्या दिवशी वाचायचे.

मला वाटायचं, चांदीसारखा रंग आणायचा तर चांदीसारखा रंग फवारायचा, त्यात काय मोठंसं. दादांनी पहिला धडा दिला तो काळ्या रंगाचा. आधी सगळी वस्तू काळी कुळकुळीत करायची. तोही काळा साधा नाही, "त्यात तोंड दिसाय पायजे." त्यांचं तोंड दिसेपर्यंत ते थांबायचे. दिसलं की त्याच काळ्यात बघून मिशी सारखी करायचे आणि मगच सिल्वरची बाटली उघडायचे. खालचा काळा जितका गुळगुळीत, तितका वरचा धातू खरा. वरचा कोट इतका पातळ, की पहिल्या दोन फेऱ्यांत मला काही लागलंय असंच वाटायचं नाही. मी म्हणायचे, "दादा, गन बंद आहे का?" ते पुढची फेरी मारायचे. पाचव्या-सहाव्या फेरीला डोळ्यांदेखत पोलाद उमटायचं.

"सिल्वर कोणीपन मारल," दादा म्हणायचे, "कोणाचा हात कुठं लागतो त्ये मारता आलं पायजे." एका कारखान्याच्या पंपाची प्रतिकृती होती. तिच्यावरच्या फिरवायच्या चाकाची एकच बाजू दादांनी जास्त चकचकीत केली. मालक चिडले, "सगळीकडे एकसारखं का नाही?" दादा शांतपणे म्हणाले, "तिथला ऑपरेटर डावरा हाय." ते कारखान्यात जाऊन खरा पंप बघून आले होते, आणि पंपापेक्षा जास्त वेळ त्या ऑपरेटरला. प्रतिकृती पोचली तेव्हा तिथल्या माणसांनी सगळ्यात आधी ते चाक ओळखलं आणि त्या ऑपरेटरला हाका मारून बोलावून आणलं, असं नंतर आम्हाला कळलं. मालक त्यानंतर दादांच्या कामात बोलले नाहीत.

मी मात्र बोलायचे. कारण दादा मास्क लावत नसत. थिनरचा वास असा की मला दारातच डोळ्यांना पाणी यायचं, आणि हा माणूस त्यात दिवसभर उघड्या तोंडाने उभा. त्यांच्याकडे याचं उत्तर तयार होतं. फवारताना ते श्वास रोखून धरायचे. एक फेरी, एक श्वास. हात हलू नये म्हणून गॅरेजात शिकलेली सवय. "श्वास घेतच नाय तर आत जाईल काय?" वर प्रत्येक काम संपलं की गुळाचा खडा आणि मूठभर चणे. गुळाने छाती धुऊन निघते, यावर वर्कशॉपातल्या सगळ्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा माझ्या पदवीवर कोणाचाच नव्हता.

एकदा मी त्यांना विचारलं, "दादा, फेरी संपल्यावर काय करता?"

"श्वास घेतो."

"कुठे उभं राहून?"

त्यांनी हातातल्या गनकडे बघितलं, मग समोर हवेत तरंगणाऱ्या सिल्वरच्या ढगाकडे. तीस वर्षं हा माणूस श्वास रोखून रंग मारत होता आणि मग त्याच रंगात तोंड घालून पोटभर श्वास घेत होता. त्यांनी गन खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी मास्क लावून आले. तिसऱ्या दिवशी तो गळ्यात लोंबत होता, मिशीला टोचतो म्हणून. माझी चिडचिड झाली, भांडण झालं, आणि शेवटी त्यांनी मला गूळ दिला. मीही तो खाल्ला, हे कबूल केलं पाहिजे.

दिवाळीनंतर एका दुपारी दादा खोलीतून बाहेर आले आणि पायरीवर भिंत धरून बसले. एक वाक्य बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागत होतं. दवाखान्यात वहिनी आल्या, म्हणजे दादांच्या बायको. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. फुप्फुसं थिनरने खराब झाली आहेत, आता मास्क लावूनही ते चालणार नाही, पुन्हा त्या वासात गेलात तर घरी ऑक्सिजनची नळी लावून बसावं लागेल. त्याच आठवड्यात वहिनींनी शहापूरची भाड्याची खोली सोडली आणि दादांना वैशाखऱ्याला नेलं. गन त्यांनी स्वतः पुसली, फडक्यात गुंडाळली, ट्रंकेच्या तळाशी ठेवली आणि किल्ली कनवटीला लावली.

इकडे वर्कशॉपमध्ये एक विमान अर्धं राहिलं होतं. एका प्रशिक्षण संस्थेसाठी जुन्या काळच्या प्रवासी विमानाची प्रतिकृती, दोन हात लांब, वरून नुसता अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा दिसायला हवा अशी. अंग झालेलं, डावा पंख झालेला, उजवा पंख तसाच पांढरा. डाव्या पंखावरचा एकेक पत्रा वेगळा होता. एक जरा मंद, एक उजळ, इंजिनाच्या मागे धुराने करपलेला पट्टा. मालकांनी कल्याणहून दुसरा पेंटर आणला. त्याने एका तुकड्यावर नमुना मारून दिला. तो डाव्या पंखाशेजारी ठेवला तर खाऊच्या नव्या डब्याच्या झाकणासारखा दिसला. पेंटर हुशार होता, तो स्वतःच "नाही जमणार" म्हणून परत गेला.

खरं सांगायचं तर मला विमानाची फारशी काळजी नव्हती. मी एकदा वैशाखऱ्याला जाऊन आले होते आणि दादांना बघून आले होते, त्याची काळजी होती. पडवीत स्टुलावर बसलेले, दोन्ही हात मांडीवर पालथे. स्टुलाचे पाय लोखंडाचे होते, पण अंगठा जागचा हलत नव्हता. श्वास सुधारला होता, वजन वाढलं होतं, आणि माणूस दिवसभरात दहा शब्द बोलत नव्हता. थिनरशिवाय त्यांना धातू रंगवता येईल का, एवढाच प्रश्न होता. नाही आला तर ते असेच त्या स्टुलावर बसून म्हातारे होणार होते. मला ते सहन होईना.

पाण्यात मिसळणारे रंग बाजारात होते. दादा त्यांना हसायचे. पण मी दोन बाटल्या मागवल्या आणि एका रविवारी मुरबाडहून एसटी धरून गेले. वहिनी दारातच म्हणाल्या, "ह्यांना न्यायला आली असशील तर चहा घे नि माघारी जा गो." मी बाटली उघडून त्यांच्या हातात दिली. त्यांनी वास घेतला. पुन्हा घेतला. "वासच नाय ह्याला."

"पाण्याचा रंग आहे, वहिनी."

पडवीतून आवाज आला, "पान्याचा? मंग रांगोळीच काढतो." दोन महिन्यांतलं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य होतं. ते ऐकलं आणि वहिनींनी कनवटीची किल्ली काढली. अटी तीन. पडवीत बसायचं, मास्क काढायचा नाही, आणि त्या समोर बसणार. खोकला आला की गन ट्रंकेत.

पुढचे रविवार मी त्या पडवीत काढले. जवळच्या लग्नात उरलेले प्लास्टिकचे पांढरे चमचे आम्ही नमुन्याला घेतले. थिनरवाल्या रंगाचा, म्हणजे लॅकरचा, राजा माणूस, पण पाण्याच्या रंगाने त्याला पार रडवलं. रंग गनमधल्या सुईच्या टोकावर सुकून साय धरायचा आणि गन थुंकायची. काळ्यात तोंड दिसायचं नाही, दिसलं तर एकच डोळा दिसायचा. वर सिल्वर मारावा तर तो ओघळायचा. "ताक हाय ह्यो, ताक," दादा म्हणायचे आणि चमचा भिरकावायचे. मी सांगत होते, हवेचा दाब कमी करा, सुकणं लांबवणारा एक थेंब घाला, आणि एका कोटानंतर एक दिवस थांबा. लॅकरचे दहा कोट एका दिवसात व्हायचे. एक दिवस थांबा म्हटल्यावर ते माझ्याकडे असे बघायचे की मीच त्यांना हा आजार लावला. एकदा तर म्हणाले, "केमिस्ट्री, तू येत नको जाऊस." मी पुढच्या रविवारी गेले. चमच्यांची संख्या वाढली होती. माझ्यामागे ते रोज बसत होते.

सगळ्यात कठीण होतं श्वासाचं. वहिनी समोर बसून नुसत्या त्यांच्या छातीकडे बघत. फेरी सुरू झाली आणि छाती थांबली की त्या म्हणायच्या, "श्वास घ्या." दादांचा हात हलायचा, चमचा बिघडायचा. "तुज्यामुळं बिघडला." "बिघडू दे. घ्या." साठीला आलेल्या माणसाने श्वास घेत घेत रंगवायला पुन्हा पहिल्यापासून शिकायचं, ही चेष्टा नव्हती. रागाने ते लाल व्हायचे. पण ते शिकले.

मग तो सुमनआक्कांचा प्रसंग झाला. सुमनआक्का शेजारच्या. रंगवलेले चमचे दादांनी वाळूच्या डब्यात दांडे खोचून ओळीने सुकायला ठेवले होते. वहिनींनी चहा ओतला, गुळाची पूड खाली बसली होती, आक्कांनी बोलता बोलता हात लांब करून त्या डब्यातला एक चमचा उचलला आणि कढत चहात घालून ढवळायला लागल्या. आम्ही तिघं बघतच राहिलो. आक्कांनी चमचा वर काढला तर तो मान टाकून वाकलेला. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या घरात स्टील पन वितळतं काय?"

दादा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. वहिनी खोकल्याची वाट बघत अर्ध्या उठल्या होत्या. खोकला आला, पण लहानसा. तो वाकडा चमचा हातात घेऊन दादांनी उलटसुलट बघितला, त्याच्यावरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, "त्या पंखाला कोणी हात लावला नाय ना?"

पंख गावी आणायला ते तयार नव्हते. डावा शेजारी पाहिजे होता. वहिनी म्हणाल्या, त्या खोलीत नाही. मग आम्ही ती खोलीच बदलली. थिनरचे डबे गेले, जुनं फडताळ गेलं, भिंती खरवडून पांढऱ्या केल्या, बंद खिडकी फोडून मोकळी केली. मालकांनी स्वतः फरशी धुतली. वहिनी आल्या, उंबऱ्यावर उभं राहून वास घेतला आणि मगच बाजूला झाल्या.

आठ दिवस लागले. दिवसाला एक कोट. टेप लावून एकेक पत्रा वेगळा काढायचा, एकाला किंचित काळपट थेंब, एकाला नुसता सिल्वर. उरलेला दिवस दादा खिडकीत बसून पंख सुकताना बघत. इंजिनामागचा करपलेला पट्टा त्यांनी शेवटच्या दिवशी मारला. मी त्यांच्या छातीकडे बघत होते. गन जात होती, येत होती आणि छाती संथपणे वरखाली होत होती.

संध्याकाळी पंख जोडला. मालक विमानाभोवती तीन फेऱ्या मारून आले, खाली वाकले, डोळे बारीक करून बघितलं. ते फरक शोधत होते.

"सापडला काय?" दादांनी विचारलं.

"नाही बुवा."

"मला सापडला. डाव्याचा कोट जरा जाड झालाय. उजव्यासारखा पायजे होता."

मालक हसले. मी हसले नाही, कारण दादा खरं बोलत होते. जवळून बघितल्यावर मलाही ते दिसलं.

वहिनी इतका वेळ कोपऱ्यात बसून होत्या. त्या उठून विमानापाशी आल्या. पदराने हात पुसले, पण हात लावला नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या सावकाश चालत गेल्या, जणू खऱ्याच विमानाच्या कडेने चालल्या आहेत. मग म्हणाल्या, "तीस वर्सं ह्यांच्या कपड्यांतला रंग घासून काढते. त्या वासाला कदी आत आले नाय. तो रंग लागत कुठं होता, त्ये आज बघितलं." दादांनी टोपी काढून हातात घेतली आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

त्याच वर्षी मी शहापूर सोडलं. आता नाशिकला माझं स्वतःचं लहान वर्कशॉप आहे, तिथे थिनरचा एकही डबा नाही आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी श्वास घेत घेत रंगवायला शिकवते. त्यांना ते विचित्र वाटतं. दादा फोन करतात, पहिला प्रश्न कामाबद्दल विचारतात आणि माझं उत्तर पुरतं ऐकून न घेता स्वतःच्या कामाबद्दल सांगायला लागतात. मला त्यांची फार आठवण येते, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

निरोप म्हणून मला आठवतो तो मात्र विमान पूर्ण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीचा, शहापूरच्या स्टँडवरचा. ते दोघं गावी निघाले होते. मी मनात धरून होते की हा शेवटचा पंख झाला, आता दादा घरी स्वस्थ बसणार. मालकांनी त्यांना काही विचारलं नव्हतं, मीही विचारायला धजावले नव्हते. दादा पलीकडे पाण्याच्या टाकीचा नळ बघायला गेले होते. वहिनी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसल्या होत्या.

"केमिस्ट्री," त्या म्हणाल्या. ही हाक त्यांनी मला पहिल्यांदाच मारली. "पुढल्या रविवारी येशील तवा माप घ्यायची पट्टी घेऊन ये गो. पडवीला दार बसवून घेते. रस्त्याची धूळ येते नि ह्यांच्या वल्या रंगावर बसते."